उपाशी कोण राहतंय, गाठ की बाबा?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या ६१ वर्षांच्या वडिलांना घशाचा कॅन्सर झाला आहे. स्वरयंत्राच्या वरच्या भागात गाठ आहे, मानेतही एक लहान गाठ आहे. रेडिएशनच्या ३५ पैकी १६ बैठका झाल्या, जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन. पेट स्कॅनच्या रिपोर्टात गाठ खूप साखर ओढते असं आलं. थोरल्या भावानं त्यावर पुष्कळ वाचलं आणि घरात साखर, गूळ, भात, फळं बंद केली, पेजसुद्धा. त्याऐवजी गव्हांकुराचा रस, हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि इतर अँटिऑक्सिडंट गोळ्या चालू आहेत. मधुमेहावरची मेटफॉर्मिनही आणून ठेवली आहे, मधुमेह नसताना. वजन ६४ किलोंवरून ५८ वर आलं आहे. भावाचं म्हणणं, साखर खाणारी गाठ रेडिएशनला दाद देत नाही, मग पुढचे दिवस कशाला सोसायचे? निदान चवथीला, म्हणजे गणपतीत, सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी दहा दिवस विश्रांती घेऊ, मग बघू. दादा कामावर गेला की आई चोरून पेज भरवते. वडील परसात जाऊन विडी ओढतात, ते फक्त मुलीला ठाऊक आहे. ती विचारते: ‘दादाचं वाचन खोटं नाही. मग आईची बाजू घेणारी मी अडाणी ठरते का? आणि ही चोरी किती दिवस चालवायची?’

ताई,

दादाचं वाचन खोटं नाही, हे तुम्ही आपणहून लिहिलंत म्हणून मला उत्तर लिहिणं सोपं झालं. घरात कॅन्सर आला की बहुतेक भांडणं ‘तुला काही कळत नाही’ इथं सुरू होतात आणि तिथंच अडकून पडतात. किरणोपचार विभागात माझं आयुष्य गेलं. तुमच्या दादासारखे मुलगे समोरच्या खुर्चीवर किती बसले त्याची गणती नाही. हातात कागदांची चवड, डोळ्यांत चार रात्रींची जाग. त्यांतल्या एकालाही मी मूर्ख म्हणणार नाही.

म्हणून आधी दादाच्या बाजूनं बोलते.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात, पण आजूबाजूला ऑक्सिजन असूनही ती पुरती जाळत नाहीत. अर्ध्यावर सोडून देतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. बाबांचा पेट स्कॅन याच खोडीवर चालला. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर त्यांच्या शिरेतून दिली. जिथं साखर जास्त ओढली गेली, तिथं पडद्यावर उजेड दिसला. मेंदूही असाच उजळतो, कारण त्यालाही साखर भरपूर लागते. रिपोर्टातल्या त्या ओळीत वेगळं किंवा भयंकर असं काही नाही. घशाच्या बहुतेक गाठी अशाच उजळतात.

साखरेचा आणि रेडिएशनला न जुमानण्याचा संबंध आहे, हेही खरं. किरण पेशीत शिरले की तिथल्या पाण्याचे रेणू फुटतात. त्यातून फ्री रॅडिकल नावाचे अतिशय चिडके कण तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. साखर भरपूर वापरणारी पेशी तिच्यातला एक वाटा वेगळ्या कामाला लावते: ग्लुटाथायोन नावाचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट सतत ताजं ठेवायचं. डीएनएपर्यंत पोचण्याआधीच ते या चिडक्या कणांना विझवून टाकतं. लॅक्टिक आम्ल जास्त साठवणाऱ्या गाठी किरणांना जास्त चिवट असतात, असंही प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

इथवर दादा बरोबर आहे. आता हीच गोष्ट त्याच्यासमोर शांतपणे मांडा. गाठीची ढाल अँटिऑक्सिडंटची, ती कमकुवत व्हावी म्हणून आपण साखर तोडतो. आणि त्याच बाबांना त्याच दिवशी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देतो. त्याच्याच वाचनातली ही दोन पानं एकमेकांविरुद्ध जातात. ती त्यानं शेजारी ठेवून पाहिली नसावीत, कारण एक ‘कॅन्सरचा आहार’ म्हणून वाचलं, दुसरं ‘ताकद वाढवण्यासाठी’ म्हणून. घाबरलेला माणूस असंच वाचतो. जे जे मदत करेल असं वाटतं ते सगळं एकाच पिशवीत भरतो.

गोळ्यांबाबत नुसता तर्क पुरला नसता, पण इथं पुरावाही आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना व्हिटॅमिन ई, काही काळ बीटा-कॅरोटीनसुद्धा, आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. २००५ आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. जीवनसत्त्वं घेणाऱ्या गटात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त झाले होते. म्हणून व्हिटॅमिन ई आणि बाकीच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आजच थांबवा आणि पुढच्या भेटीत बाटल्याच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा. हळदीच्या कॅप्सूलही त्याच पिशवीत घाला. आमटीतली हळद आणि भाजीतली जीवनसत्त्वं याला काही अडचण नाही. अडचण आहे ती एका गोळीत आठवड्याभराचा डोस कोंबण्याला.

मेटफॉर्मिनबद्दल थोडक्यात. ती गाठीतला ऑक्सिजनचा खप कमी करेल या आशेनं तिच्यावर खरोखर अभ्यास झाले. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनसोबत ती देऊन पाहिलेल्या दोन चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकीत फायदा झाला नाही, दुसरीत ती घेणाऱ्यांची स्थिती उलट वाईट राहिली. बाबांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. सिस्प्लॅटिनचा ताण मूत्रपिंडावर येतो. त्यात घसा दुखतो म्हणून पाणी कमी जातं. मूत्रपिंड थकलेलं असताना मेटफॉर्मिन दिली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. ती परत करा. (मधुमेहासाठी आधीपासून घेणाऱ्या वाचकांनी मात्र हे वाचून ती बंद करू नये. केमो घेत असल्याचं डॉक्टरांना सांगून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.)

आता पेजेकडे येते.

दादाच्या हिशेबात एक पायरी गळली आहे. गाठ साखर खाते, म्हणून ताटातली साखर काढली की गाठ उपाशी राहील, असं त्यानं धरलं. पण ताट आणि गाठ यांच्या मध्ये बाबांचं यकृत आहे. रक्तातली साखर एका ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायची नाही हे त्याचं काम, कारण मेंदू तिच्यावर चालतो. पेज बंद झाली की यकृत दुसरीकडून साखर बनवतं, स्नायूंतल्या प्रथिनांपासूनसुद्धा. गाठ रक्तातून तिचा वाटा उचलतेच. खर्च होतात बाबांच्या मांड्या आणि दंड. हे सहा किलो कुठून गेले ते तुम्हाला त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर दिसत असेल.

पिठूळ-गोड पदार्थ जवळजवळ बंद करून भरपूर स्निग्ध देणारा कीटोजेनिक आहारही डॉक्टरांच्या देखरेखीखाली रेडिएशनसोबत तपासला गेला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात फुफ्फुसाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या थोड्या रुग्णांवर असा प्रयोग झाला, तेव्हा बहुतेकांना तो आहार शेवटपर्यंत नेता आला नाही. ते लोक गिळू शकत होते. बाबांचा घसा आतून सोललाय.

वजनाची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण ती खुर्चीच्या पलीकडच्यांना दिसत नाही. उपचार सुरू होण्याआधी बाबांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर गरम प्लास्टिकची जाळी बसवून साचा केला असेल. रोज तोच साचा टेबलाला अडकवतात म्हणजे मान तसूभरही हलू नये. किरणांचा सगळा आराखडा त्या दिवशीच्या मानेवर काढलेला असतो. मणक्यातली मज्जारज्जू वाचवायची, लाळेच्या ग्रंथी होता होईल तो वाचवायच्या आणि गाठीला पुरतं घ्यायचं, सगळं मिलिमीटरच्या हिशेबात. माणूस सहा-सात किलोंनी उतरला की मान बारीक होते आणि साचा सैल पडतो. माझ्याकडे सासष्टीतला एक रापणकार होता, किनाऱ्यावरून मासळीचं मोठं जाळं ओढणारा, दणकट. चौथ्या आठवड्यात त्याच्या साच्यात माझी दोन बोटं सहज जाऊ लागली. पुन्हा स्कॅन, पुन्हा आराखडा, मधले दिवस वाया. त्यानं काही चुकीचं खाल्लं नव्हतं, त्यानं खाल्लंच नव्हतं. बाबांचा साचा सैल वाटतो का, हे उद्याच तंत्रज्ञांना विचारा. बाबांनाही विचारा, त्यांना आत जाणवतं.

५८ किलोंच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण १,५०० ते १,७५० कॅलरी आणि ६० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या पेजेच्या पाण्यावर हे भागणार नाही, हेही आईला सांगावं लागेल. पेज तिची बरोबर आहे, ती भरायची आहे. उकड्या तांदळाची पेज मऊ घोटून तिच्यात तूप, मुगाचं वरण, नाहीतर नारळाचा जाड रस. मुडदुशी (हा पचायला हलका मासा) मिळाली तर उकडून, काटा अन् काटा काढून, कुस्करून पेजेत. आजाऱ्याला मुडदुशी द्यायची ही आपली जुनी रीत इथं अगदी कामाची आहे. नाचणीचं तिजन, म्हणजे पातळ खीर, दुधात, कोमट. अर्धंकच्चं नको, पण पुरतं शिजवलेलं अंडं दुधात घुसळून चालतं. दर दोन तासांनी वाटीभर; तीन वेळच्या जेवणाची आशा आता सोडा. सोलकढी, लिंबू, मिरची, फार गरम काहीही नको. सोलाची आंबट धार सोललेल्या घशाला आगीसारखी लागते. गव्हांकुराच्या रसानं पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्या रसातून जंतू पोटात जाण्याचीही भीती असते. तोही बंद.

मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या. दुखणं थांबवण्याचं औषध खाण्याआधी अर्धा तास द्यायचं, खाऊन झाल्यावर नाही. एवढं करूनही वजन घसरत राहिलं तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सुचवतील. त्याला नाही म्हणू नका. नळी म्हणजे शेवट जवळ आला, असं आपल्याकडे उगीच समजलं जातं. ती काही आठवड्यांची सोय असते. नळी असली तरी बाबांनी रोज थोडं थोडं पाणी गिळत राहायचं, नाहीतर गिळण्याचे स्नायू कामच विसरतात.

दादाच्या वाचनात एक मोठी गोष्ट राहून गेली, असं तुमच्या पत्रावरून वाटतं: ऑक्सिजन.

१९५५ मध्ये लंडनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुफ्फुसाच्या गाठींचे काप तपासले. रक्तवाहिनीपासून साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पेशी मेलेल्या होत्या, कारण ऑक्सिजन तिथवर पोचतच नाही. जिवंत आणि मेलेल्यांच्या सीमेवर ज्या पेशी अर्धवट गुदमरलेल्या असतात, त्या रेडिएशनच्या खऱ्या वैरी. किरणांनी डीएनएला केलेली जखम ऑक्सिजन पक्की करतो. तो नसला तर पेशी ती जखम बुजवून टाकते. अशा गुदमरलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. साखर अर्धवट आंबवण्याची सवयही याच पेशींना सर्वांत जास्त उपयोगी पडते. म्हणजे दादा ज्या साखरेच्या मागे लागला आहे, तिच्यामागे बरेचदा ही गुदमर उभी असते.

आणि गुदमर कमी करण्यासाठी घरच्या माणसाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. ती परसात घडते आहे.

विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट चिकटतो. किरण घ्यायला जाण्याआधी विडी ओढली, तर बाबा गाठीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन स्वतःच्या हातानं कमी करून टेबलावर झोपतात. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारादरम्यान धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, न ओढणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ३९ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६६. या फरकाला एकटी विडीच कारण असेल असं नाही. पण घरात कुठल्या एका गोष्टीसाठी भांडायचंच असेल, तर ती गोष्ट पेज नव्हे.

हे भांडण कसं करायचं, त्यात माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाला त्याच्या बायको-मुलांसमोर विचारलं, ‘विडी सुटली ना?’ तो म्हणाला, ‘सुटली.’ मी कागदावर लिहिलं आणि पुढं गेले. पाच आठवडे तो माझ्याशी खोटं बोलला, कारण मी त्याला खरं बोलायला जागाच ठेवली नव्हती. म्हणून बाबांना आईसमोर, दादासमोर विचारू नका. गाडीत दोघंच असताना सांगा की मला ठाऊक आहे, आणि मी रागावलेली नाही. चाळीस वर्षांची सवय, वर कॅन्सरची धास्ती; हात विडीकडे जाणारच. मग डॉक्टरांना सांगा. निकोटिनची पट्टी आणि औषधं आहेत. या तोंडाला चघळायची गोळी सोसणार नाही, पट्टी सोसेल. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक फुकट आहे. बाबांना बोलणं जड जात असेल तर त्यांच्या शेजारी बसून तुम्ही बोला.

रक्तातलं हिमोग्लोबिन किती आहे तेही विचारा. ते कमी असेल तर काय करायचं हे मात्र डॉक्टरच ठरवतील. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांचा प्रयोग युरोपात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाला होता. हिमोग्लोबिन वाढलं, पण २००३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कॅन्सर उलट जास्त बळावल्याचं दिसलं. दादाच्या पुढच्या वाचनात ही इंजेक्शनं येण्याआधी मी लिहून ठेवते.

आता तो ‘दाद देत नाही’ हा शब्द. दादा तो रेशनकार्डावरच्या शिक्क्यासारखा वापरतो आहे: या गाठीचा प्रकार अमुक, विषय संपला. गाठ अशी एकसारखी नसते. तिच्या काही भागात ऑक्सिजन असतो, काही भागात नसतो, आणि हा नकाशा रोज बदलतो. एवढे ३५ दिवस का लागतात, एकदाच सगळा डोस का देत नाहीत, हे तुम्हाला कुणी समजावलं का? एक मोठं कारण हेच आहे. आजच्या बैठकीत रक्तवाहिनीजवळच्या पेशी मेल्या की त्या वापरत असलेला ऑक्सिजन आतल्या पेशींपर्यंत पोचू लागतो. काल किरणांना न जुमानणारी पेशी उद्या त्यांच्या तावडीत येते. काल निरोगी पेशींना झालेल्या जखमाही मधल्या तासांत भरून येतात. बाबांच्या १६ बैठका झाल्या म्हणजे गाठीची सालं काढत काढत आपण तिच्या आतल्या, चिवट भागाशी आता कुठं पोचतो आहोत.

म्हणूनच आत्ता थांबणं मला सर्वांत जास्त धोक्याचं वाटतं. उपचार सुरू होऊन सुमारे चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सर पेशी आधीपेक्षा वेगानं वाढू लागतात. विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिलं, आणि आज जगभरची किरणोपचार केंद्रं त्याच हिशेबानं दिवस मोजतात. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्यानं घटते. दहा दिवस म्हणजे किती, ते दादाला हिशेब करू द्या. त्याला आकडे कळतात. उलट बाजूही त्याला सांगा: डेन्मार्कमध्ये त्याच एकूण डोसासाठी आठवड्याला पाचऐवजी सहा बैठका दिल्या, तर पाच वर्षांनी गाठ ताब्यात राहिलेल्यांचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. नुसता एक आठवडा वाचवून. गुदमरलेल्या पेशींवर किरणांचा परिणाम वाढवणारी निमोराझोल नावाची गोळीही तिथं बरीच वर्षं वापरली गेली आहे. तिच्याविषयी दादाला जरूर विचारू द्या, पण डॉक्टरांना.

समजा शेवटी थोडी गाठ राहिलीच, तरी वाटा संपत नाहीत. उपचार संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी पुन्हा पेट स्कॅन करतात. त्याआधी केला तर भाजलेल्या ऊतींची सूजही उजळते आणि घरात विनाकारण रडारड होते. तेव्हा काही उरलं असेल तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. १६ बैठकांवर सोडलेल्या माणसाला मात्र ना पुरतं रेडिएशन मिळालेलं असतं, ना स्वच्छ शस्त्रक्रिया.

राहिली चोरी. ती या आठवड्यात थांबवा, पण पेज बंद करून नव्हे. आई चोरून भरवते आणि बाबा चोरून ओढतात. तुम्ही दोन्ही लपवता. आणि दादाला वाटतं की साखर तोडूनही वजन घटतंय, म्हणजे गाठ फारच जबर आहे. तुम्ही सगळे मिळून त्याला खोटा आकडा देताय आणि तो त्यावर निर्णय घेतोय. आठवड्याला एकदा डॉक्टर बाबांना तपासतात, त्या दिवशी दादाला सुट्टी काढायला सांगा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो वा खासगीत, आहारतज्ज्ञाची भेट त्याच दिवशी मागा. तोंडचं काही विसरू नये म्हणून कागदावर लिहून न्या: वजन, साचा, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), बंद केलेल्या गोळ्या, विडी. आणि दादाचे प्रश्न दादालाच विचारू द्या. पुरं ऐकून घेणारा डॉक्टर समोर असला की रात्री तीन वाजता मोबाईल घेऊन बसायची गरज कमी होते. रोजचं वजन लिहून ठेवण्याचं आणि कॅलरीच्या बेरजेचं काम त्याच्याकडे द्या. बाबांसाठी काहीतरी करण्याची त्याची धडपड खरी आहे. तिला धरायला काही लागतं, आणि आत्ता तिला फक्त ‘नाही’ सापडलं आहे: हे नको, ते नको.

तुम्ही विचारलंत, तुम्ही अडाणी ठरता का. नाही. पण दादाविरुद्ध आईची बाजू घेणं हेही या आजारात फार दूर नेणार नाही. तुमच्या चार पानी पत्रात आईचं बोलणं आहे, दादाचं आहे, तुमचं आहे. बाबांचं एकही वाक्य नाही. कदाचित घसा दुखतो म्हणून ते बोलत नसतील. पाटी द्या, वही द्या. ३५ पूर्ण करायचे का, पेज हवी का, मूळ घरी जायचंय का, हे त्यांना लिहू द्या. उत्तर तुमच्या मनासारखं येईलच असं नाही, तरी विचारा.

एक सूचना सगळ्याच वाचकांसाठी, जिच्यावर चर्चा नको: ताप १०० च्या वर गेला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, पाण्याचा घोटही उतरेना किंवा तोंडातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळात जायचं, रात्र असली तरी.

आणि चवथ. बाबांनी माटोळीखाली, गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीखाली, बसावं असं दादाला वाटतं, त्यात गैर काय आहे? आपल्या गोव्यात वर्षभर कुठंही असलेला माणूस त्या दिवशी मूळ घरीच असतो. सणाच्या सुट्टीला मशीन बंद असेल, तर तो दिवस शनिवारी भरून काढता येतो का, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोन बैठका देता येतात का, हे आताच विचारून ठेवा. आयत्या वेळी विचारलं तर जमत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सत्तरीला जा, आरती होऊ द्या, दुपारी बाबांना पाठ टेकू द्या आणि रात्री फोंड्याला परत या. घरात धुपाचा धूर आणि फटाक्यांचा वास असेल, त्यांना ओसरीवर वारा येईल अशा जागी बसवा. नेवऱ्या आणि पातोळ्यांचा आग्रह कुणी करू नये असं आधीच फोनवर सांगून ठेवा, आणि नाचणीचं तिजन थर्मासात भरून न्या.